न्यूझीलंडच्या दोन फ्रिगेट: कधी बदलायच्या आणि कशाने?

न्यूझीलंडच्या नौदलाकडे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, मोजून दोन. ‘टे काहा’ १९९७ साली ताफ्यात आली, ‘टे माना’ १९९९ साली. ऑस्ट्रेलियासोबत मिळून एकाच आराखड्यावर बांधलेल्या ‘अँझॅक’ वर्गाच्या दहा फ्रिगेटपैकी या दोन. बाकीच्या आठ ऑस्ट्रेलियाच्या. न्यूझीलंडच्या या दोन २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालवायच्या, असा साधारण हिशेब आहे. त्यांच्या जागी काय आणायचं, यावर वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतो.

प्रश्न: निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. मग आत्तापासून धावपळ कशाला?

उलटं मोजत या. समजा २०३५ ला नवं जहाज प्रत्यक्ष कामावर हवं. त्याआधी वर्ष-दीड वर्ष समुद्री चाचण्या आणि खलाशांची तयारी. त्याआधी पोलादाचा पहिला पत्रा कापण्यापासून ताबा मिळेपर्यंत चार-पाच वर्षं. त्याआधी वाटाघाटी, करार, संसदेतली मंजुरी. निर्णय या दशकाच्या आतच घ्यावा लागतो, आणि तेवढ्याने भागतं असंही नाही. गोदीच्या रांगेत जागा मिळायला हवी. नॉर्वेने २०२५ मध्ये ब्रिटनची टाइप २६ फ्रिगेट निवडली आणि पहिलं जहाज २०२९ मध्ये मिळायचं ठरलं. इतकं लवकर जमलं, कारण ब्रिटनने आपल्याच नौदलासाठी चाललेल्या बांधणीतली जागा त्यांना देऊ केली. असा मित्र प्रत्येकाला मिळत नाही.

दुसरं घड्याळ कमी दिसतं, पण माझ्या मते तेच महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियाने आपल्या अँझॅक काढायला सुरुवात केली आहे. खुद्द ‘अँझॅक’ ही फ्रिगेट २०२४ मध्ये निवृत्त झाली. आठ जहाजं होती तोवर सुटे भाग बनवणारे, दुरुस्तीचे कारागीर, प्रशिक्षणाची सोय, सगळं टिकून होतं. ती आठ जातील तसा हा आधार आटत जाईल आणि या दोघींचा खर्च न्यूझीलंडला एकट्याने पेलावा लागेल. जहाजाचं वय आपण ताणू शकतो. शेजाऱ्याचं वेळापत्रक नाही.

प्रश्न: नुकतंच एवढं आधुनिकीकरण झालं. अजून एकदा करून आयुष्य वाढवता येणार नाही?

हे आधुनिकीकरण कॅनडात झालं आणि त्यावर सुमारे ६३ कोटी ९० लाख न्यूझीलंड डॉलर गेले, आधी ठरवल्यापेक्षा बरेच जास्त. रडार नवं, युद्धप्रणाली (रडार आणि शस्त्रं जोडणारी संगणकव्यवस्था) नवी, सी सेप्टर क्षेपणास्त्रं नवी. पण खालचा सांगाडा नव्वदच्या दशकातलाच. ‘टे काहा’ २०२० च्या अखेरीस परतली, ‘टे माना’ २०२२ मध्ये. मधला काही काळ दोन्ही जहाजं कॅनडातच होती. म्हणजे देशाच्या पाण्यात एकही फ्रिगेट नव्हती. पुन्हा मोठं काम काढलं तर हीच वेळ पुन्हा येईल.

पोलाद म्हातारं झालं की काय होतं, ते ब्रिटनच्या जुन्या टाइप २३ फ्रिगेटकडे पाहून कळतं. आराखड्यात त्यांचं आयुष्य १८ वर्षांचं धरलं होतं. त्यांतल्या काहींनी तिशी ओलांडली. ‘आयर्न ड्यूक’ला गोदीत ४९ महिने काढावे लागले आणि दहा कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. ‘वेस्टमिन्स्टर’वरचं काम परवडेना म्हणून ती सोडूनच द्यावी लागली. गंज किती खोल गेलाय हे आतलं अस्तर, पाइप, केबली उपसल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर करार झालेला असतो. दोन-तीन वर्षांची मलमपट्टी ठीक. दहा वर्षांची मुदतवाढ मी तरी सुचवणार नाही.

प्रश्न: बदली म्हणून कोणती फ्रिगेट घ्यावी, जपानी मोगामी की ब्रिटिश टाइप ३१?

मोगामीच्या सुधारित आवृत्तीची निवड ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२५ मध्ये केली: ११ जहाजं, पहिली तीन जपानमध्ये बांधायची, पहिलं २०२९ मध्ये मिळायचं. टाइप ३१ हे स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या गोदीत ब्रिटनसाठी बांधलं जातंय, एकूण पाच. डेन्मार्कच्या ‘इव्हर हुइटफेल्ट’ वर्गावर बेतलेलं, आकाराने मोठं, ऐसपैस. शिवाय त्यावरही सी सेप्टर आहे, म्हणजे क्षेपणास्त्र ओळखीचं राहील.

माझा कौल मोगामीला, आणि त्याचं कारण जहाजापेक्षा शेजार आहे. टास्मान समुद्रापलीकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियात, तेच जहाज असेल तर सुट्या भागांचं कोठार, सिम्युलेटर, सुकी गोदी, प्रशिक्षक, सगळं वाटून घेता येतं. दोनच जहाजांसाठी हा डोलारा स्वतंत्र उभारणं लहान नौदलाला झेपत नाही.

खोट नाही असं नाही. मोगामीवर ९० च्या आसपास माणसं, अँझॅकवर त्याच्या जवळजवळ दुप्पट. मनुष्यबळाच्या टंचाईत हे वरदानच वाटेल. पण आग लागली की शेजारच्या कप्प्यांच्या भिंती थंड ठेवायला, धूर काढायला, जखमी हलवायला हात लागतात, आणि त्याच वेळी तोफेवर आणि रडारवरही कुणीतरी बसलेलं हवं. हा प्रश्न विक्रेत्याला नव्हे, जपानी नौदलाच्या अधिकाऱ्यांना विचारावा.

काहीही घेतलं तरी एक पथ्य पाळावं: ‘आमच्या गरजेनुसार’ बदल करत बसू नये. २०२४ मध्ये डेन्मार्कची ‘इव्हर हुइटफेल्ट’ ही फ्रिगेट लाल समुद्रात असताना रडार आणि युद्धप्रणालीतल्या बिघाडाने ऐन हल्ल्यात अडचणीत आली. मूळ जहाज चांगलंच होतं. घोटाळा प्रणालींच्या सांध्यात होता.

प्रश्न: जुनी जहाजं स्वस्तात का घेऊ नयेत? चिलीने घेतलीच की.

चिलीने ऑस्ट्रेलियाच्या दोन अ‍ॅडलेड फ्रिगेट २०२० मध्ये घेतल्या, खरं. पण ऑस्ट्रेलियाच्या निवृत्त अँझॅक या दोघींच्याच वयाच्या. सुटे भाग काढायला घ्याव्यात, चालवायला नको.

प्रश्न: दोनच कशाला, तीन का नाहीत?

एक मोहिमेवर, एक सरावात, एक गोदीत, हे जुनं गणित तीन जहाजांचंच. नॉर्वेची ‘हेल्गे इंगस्टाड’ २०१८ मध्ये टँकरशी धडकून बुडाली तेव्हा त्यांच्याकडे चार फ्रिगेट उरल्या. न्यूझीलंडकडे अशा वेळी एकच उरेल. तरीही मी आधी माणसं मोजेन. २०२२ मध्ये खलाशांअभावी न्यूझीलंडच्या नौदलाच्या नऊपैकी तीन नौका धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. इंजिनरूम सांभाळणारा अनुभवी तंत्रज्ञ तयार व्हायला कित्येक वर्षं जातात आणि बाहेरच्या कंपन्या त्याला जास्त पगारात उचलून नेतात. म्हणून दोन जहाजांचा पक्का करार करावा, तिसऱ्याचा पर्याय त्यात किमतीसह लिहून घ्यावा, आणि ऑस्ट्रेलियाचं पहिलं मोगामी येताच त्यावर आपले तंत्रज्ञ पाठवायला लागावं. तिसऱ्याचा निर्णय भरतीचे आकडे पाहून घेता येईल.