बोर्ड बदलण्याआधी हे बघ
अरे, गेम संथ चालतो म्हणून घाईने नवीन बोर्ड (मदरबोर्ड) नि रॅम घेऊ नकोस. गेममधली फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा काढून गेम लाव आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर बघ. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर प्रोसेसर बदलून फारसं हाती लागणार नाही. पैसे कार्डासाठी ठेव. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर प्रोसेसर मागे पडतोय; तुझ्या बी४५० बोर्डावर रायझन ५ २६०० या प्रोसेसरच्या जागी रायझन ५ ५६०० बसव. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खोबण) तेच एएम४, वॅटही ६५च, म्हणजे उष्णता साधारण तेवढीच, त्यामुळे जुना कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) चालेल. बायोस (बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) मात्र जुना प्रोसेसर असतानाच अपडेट कर, नाहीतर पडदा काळाच राहील. कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून कूलर नि प्रोसेसरमधली पेस्ट गरम होऊ दे, मग बंद करून हलकेच पिळत काढ. सरळ ओढलास तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटातून उपटला जातो, त्याच्या पिना वाकतात.