क्लबच्या मीटिंगला जाताना

अगं, तू रोटरी यूथ एक्स्चेंजवर, म्हणजे रोटरी क्लबांमार्फत परदेशी घरात राहून तिथल्या शाळेत शिकायला, अमेरिकेला निघालीस म्हणून आधीच सांगते, तिथल्या रोटरी क्लबची मीटिंग टाळू नकोस. शाळेत मैत्रिणी मिळतील, पण गाव कळतं ते त्या टेबलावर. १९०५ मध्ये पॉल हॅरिस आणि त्यांचे सोबती शिकागोत आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, त्यावरूनच रोटरी हे नाव पडलं.

माझ्या होस्ट क्लबची, म्हणजे मला बोलावणाऱ्या तिथल्या क्लबची, मीटिंग दुपारच्या जेवणाला असायची. अध्यक्ष घंटा वाजवायचे, मग सगळे छातीवर हात ठेवून झेंड्यासमोर प्रतिज्ञा म्हणायचे. आपण शांत उभं राहिलं तरी पुरे. त्यानंतर 'हॅपी डॉलर्स'. ज्याच्याकडे चांगली बातमी, तो डॉलर टाकून ती सांगतो. पहिले दोन महिने मी गप्प बसले, त्याची हळहळ आजही वाटते. मग एकदा डॉलर टाकून म्हटलं, "काल होस्ट आईला माझे पोहे आवडले." टाळ्या पडल्या. शेजारचे ऐंशीतले आजोबा जेवण संपेपर्यंत पोह्यांबद्दलच विचारत राहिले, आणि पुढच्या आठवड्यापासून माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवू लागले.

आपल्या क्लबचा बॅनर आठवणीने ने, तिथल्या अध्यक्षांना द्यायचा असतो. ब्लेझरवर लावायच्या पिनाही अदलाबदलीसाठी भरपूर घे. क्लबसमोरच्या भाषणात ताजमहाल नको, आजीचं स्वयंपाकघर आणि गल्लीतला गणपती दाखव. होस्ट घरी काही खटकलं तर मनात ठेवू नकोस, क्लबने तुझ्यासाठी नेमलेल्या काउन्सेलरना गाठून सांग. ते त्यासाठीच असतात.