घरात आणीबाणीसाठी तयार किट घ्यावं की बॅग स्वतः भरावी?

तुम्ही विचारलंय की घरात चार माणसं आहेत, त्यातलं एक वयस्कर, तर बाजारातलं तयार किट घ्यावं की स्वतः बॅग भरावी. बॅगेचं सांगतेच, पण आधी आमच्या बॅगेचं ऐका.

लाल रंगाची, ढीगभर कप्पे असलेली ती बॅग माझ्या दादाने हौसेने आणली होती. टॉर्च, रेडिओ, शिट्टी, दोरी, प्रथमोपचाराची पेटी, सगळं आत. ती त्याने माळ्यावर चढवली आणि विषय संपवला. मी तेव्हाच म्हटलं होतं, आई-बाबांना एकदा उघडून दाखव. तो म्हणाला, "त्यात काय दाखवायचंय? वेळ आली की कळेल."

वेळ दोन वर्षांनी आली. वादळाची रात्र, दादा-वहिनी बाहेरगावी, घरात आई, बाबा आणि मी. आईला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. त्या रात्री नेहमीप्रमाणे तिने ते टोचून घेतलं, ताटं वाढायला घेतली, तेवढ्यात वाऱ्याने खिडकीची काच फुटली आणि पाठोपाठ वीज गेली. मग काचा गोळा करा, पाणी पुसा, गाद्या हलवा. या धावपळीत तिचं जेवण राहून गेलं. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. तासा-दीड तासाने ती घामाने निथळत होती, हात थरथरत होते आणि विचारावं एक तर उत्तर भलतंच देत होती.

स्टुलावर चढून मी चाचपडत ती बॅग काढली. टॉर्चमधले सेल दोन वर्षं आतच राहून फुटले होते, स्प्रिंगवर पांढरी पूड जमली होती. माझ्या फोनची बॅटरी संपत आलेली. साखर मोजायचं यंत्र आईच्या कपाटात, पण कुठल्या खणात ते तिलाच ठाऊक. डॉक्टरांचा नंबर तिच्या फोनमध्ये आणि फोनला पासवर्ड. घरातली सगळी माहिती आईच्या डोक्यात होती, आणि त्या क्षणी नेमकं तेच डोकं चालत नव्हतं.

बाबा अंधारात जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन आले. त्या निवृत्त नर्स. आल्या आल्या त्यांनी एवढंच पाहिलं की आई शुद्धीवर आहे आणि तिला गिळता येतंय. मग तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटं थांबल्या, पुन्हा पाजली. अर्ध्या तासाने आईने मला नावाने हाक मारली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग काकूंनी तिला समोर बसवून जेवायला लावलं. इन्सुलिन घेऊन जेवण राहिलं तर रक्तातली साखर उतरत जाते, ती ७० च्या खाली गेली की असं होतं, लक्षणं दिसत असतील आणि यंत्र सापडत नसेल तर शोधत बसायचं नाही, साखर द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका. हे मला त्या रात्री कळलं, आणि आईचा मधुमेह तेव्हा बारा वर्षांचा होता.

वीज पुढे तीन दिवस आली नाही. फ्रिज बंद ठेवला तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. मी इन्सुलिन गार आहे का हे बघायला दर अर्ध्या तासाने दार उघडत होते. दुसऱ्या दिवशी घाबरून इन्सुलिन भरलेली, टोचायची जादाची पेनं थेट बर्फावर ठेवली, ती गोठली. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. चालू पेन तर बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आतल्या तापमानात चारेक आठवडे बाहेर चालतं. कुणी एका कागदावर लिहून ठेवलं असतं तर?

चौथ्या दिवशी दादा आला आणि पहिलं वाक्य बोलला, "बॅग होती ना घरात?" ते वाक्य मी विसरलेले नाही. त्याचं म्हणणं, सामान होतं, तुम्हाला वापरता आलं नाही. माझं म्हणणं, जे एकालाच वापरता येतं ते घरात नसल्यातच जमा. लगेच तो जनरेटर आणायला निघाला, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ठेवायला. मी कडाडून विरोध केला. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतच माणसं जातात. तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब चालवायचा असतो. तेवढी मोकळी जागा नसेल तर आणूच नये.

आता तुमची बॅग. कुठलीही घ्या, फक्त घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला उचलता यावी आणि दाराजवळ असावी. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवसांचं. म्हणजे चौघांना ४८ लिटर, ते बॅगेत मावणार नाही, वेगळं ठेवा. टॉर्चचे सेल बाहेर काढून शेजारी ठेवा. मेणबत्त्या नकोतच. पण त्याआधी एक कागद करा: कोणाला कोणतं औषध, किती, कधी; डॉक्टर, शेजारी आणि दुसऱ्या गावातला एक नातेवाईक यांचे नंबर; विजेचं मेन स्विच, गॅसचा आणि पाण्याचा कॉक कुठे. मग एका रात्री दिवे घालवून प्रत्येकाला त्या जागा शोधायला लावा, जो बॅग आणतो त्यालाही.

आणि शेजारी ओळखीचे ठेवा. जपानमधल्या कोबे शहराच्या १९९५ च्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं.

तयार किट वाईट असतं असं मी म्हणत नाही, आमच्यातली प्रथमोपचाराची पेटी पुढे खूप कामाला आली. इन्सुलिनबद्दल लिहिलंय तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, प्रकारागणिक फरक असतो. भूकंपाच्या किंवा पुराच्या भागात राहत असाल तर तयारी आणखी वेगळी लागेल.

आमच्याकडे तो कागद आता फ्रिजच्या दारावर आहे. त्याची एक प्रत दादाच्या पाकिटात मी स्वतः ठेवली आहे, त्याच्यासमोर. दिवे घालवून मेन स्विच शोधायला मात्र तो अजून तयार झालेला नाही.