रोकोकोतल्या देवता ओळखताना

रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या नाजूक, सजावटी शैलीची रेखाटनं बघायला लागलात, फार छान. एकच सांगणं, चेहऱ्यावरून देवता ओळखायला जाऊ नका. फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशेच्या (१७०३–१७७०) चित्रांत प्रेमाची रोमन देवता व्हीनस काय, शिकारीची डायना काय, गाल सगळ्यांचे सारखेच गुलाबी. आजूबाजूच्या खुणा शोधा. कबुतरं, शिंपला, गुलाब, पंखवाला बालदेव क्युपिड दिसले की बहुधा व्हीनस. कपाळावर चंद्रकोर, जवळ धनुष्य-भाता असेल तर डायना.

पण तेवढ्यावर थांबू नका. बूशेचं १७५९ सालचं ‘ज्युपिटर आणि कॅलिस्टो’ निवांत बघा. ते अमेरिकेत, कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे. दोन तरुणी बिलगून बसल्यात, एकीच्या कपाळावर चंद्रकोर. डायनाच, असं वाटतं. मग मागचा गरुड दिसतो! गरुड हा देवांचा राजा ज्युपिटर याचा पक्षी, म्हणजे डायनाची सखी कॅलिस्टो हिला भुलवायला डायनाचं सोंग घेऊन तोच आलाय. सगळी कथा त्या पक्ष्यात आहे आणि घाईत नेमका तोच नजरेतून सुटतो.

स्वतः काढणार असाल तर पांढराशुभ्र कागद नको. फिकट तपकिरी किंवा निळसर घ्या, म्हणजे मधली छटा कागदच देतो. काळा, लाल आणि पांढरा, एवढे तीन खडू पुरेत. लाल अंगकांतीला, काळा केसांना आणि सावलीला. पांढरा अगदी शेवटी, खांद्यावर-गुडघ्यावर जिथे उजेड पडतो तिथेच, आणि तोही हात राखून. सरावाला त्याच काळातल्या जील दमार्तो या कोरीवकाराची मुद्राचित्रं (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) घ्या. बूशेच्या रेखाटनांवरून केलेली ही चित्रं हुबेहूब खडूची वाटतात, त्यामुळे रेषेचा दाब कुठे वाढतो ते नीट कळतं.