जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण

प्रश्न : आमच्या गॅलरीत जास्वंदीच्या चार कुंड्या आहेत. दोन महिन्यांपासून शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसत आहेत, पाने आक्रसली आहेत आणि कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. खालची पाने चिकट होऊन त्यांवर काजळी धरली आहे. कडुनिंबाचे तेल पाण्यात घालून एकदा फवारले, पण आठवड्याभरात कीड पुन्हा आली. गावाकडे कपाशीवर फवारतात ते औषध आणून वापरावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कृपया ते औषध घरात आणू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, आणि ती फवारणी मोकळ्या शेतात होत होती. आपली गॅलरी म्हणजे घराचाच भाग. तिथे कपडे वाळतात, मुले खेळतात आणि त्याच झाडाचे फूल देवाला वाहिले जाते.

आपल्या वर्णनावरून ही कीड पिठ्या ढेकूण आहे. हे किडे कोवळ्या शेंड्यातील रस शोषतात आणि गोड, चिकट द्रव टाकतात. त्या द्रवावर काळी बुरशी वाढते, तीच आपल्याला दिसलेली काजळी. कीड गेली की नवी पाने स्वच्छ येतात, त्यामुळे काजळीवर वेगळे औषध नको. ओल्या फडक्याने पाने पुसली तरी पुरे.

एका फवारणीने कीड का गेली नाही, याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, तेल नुसते पाण्यात घातले तर ते वर तरंगत राहते. पंप आधी तळाचे पाणीच ओढतो आणि शेवटी उरलेले निव्वळ तेल एखाद्या फांदीवर पडून तिची पाने भाजतात. म्हणून 5 मिली तेलात भांडी घासायच्या पातळ साबणाचे 1 ते 2 मिली आधी नीट घोटावे आणि मग ढवळत ढवळत एक लिटर कोमट पाणी घालावे. मिश्रण ताकासारखे पांढरट झाले म्हणजे जमले. ते त्याच दिवशी संपवावे. दुसरे कारण पुंजक्यातच आहे. काडीने एक पुंजका उकलून पाहा : आत बारीक अंडी खच्चून भरलेली दिसतील. एक मादी काही शे अंडी घालते आणि त्यांवरच्या मेणचट कापसातून फवारा आत पोहोचत नाही. साधारण आठवड्याने त्यातून पिल्ले बाहेर पडतात आणि आपल्याला वाटते की औषध लागू पडले नाही.

तेव्हा प्रथम आक्रसलेले शेंडे निर्दयपणे छाटा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून मगच टाका. कचऱ्याच्या डब्यात तसेच टाकल्यास पिल्ले चालत परत येतात. उरलेल्या झाडावर पाण्याची जोरदार धार मारा, पेरांच्या खाचा जुन्या दातघासणीच्या ब्रशने साफ करा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूसह, वरील मिश्रण फवारा. पहिल्या वेळी एकाच फांदीवर फवारून दोन दिवस थांबलेले बरे. पुढे दर सात दिवसांनी किमान तीन फवारण्या करा; तिसरी टाळण्याचा मोह फार होतो, पण तीच महत्त्वाची असते. कुंडीचा काठ आणि तळाची भोके पाहायला विसरू नका.

मुंग्यांचे काय, हे आपण लिहिलेले नाही, पण त्या असणारच. गोड द्रवासाठी त्या या किडीची राखण करतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवल्यास त्यांची वाट तुटते. मात्र त्या पाण्यात साबणाचे थेंब घाला आणि दर दोन दिवसांनी ते बदला, अन्यथा डासांची सोय होईल.

प्रश्न : आमच्या जास्वंदीवरही हीच कीड आहे. आता त्यात बरेच मोठे, झिपऱ्या असलेले पांढरे किडे दिसू लागले असून ते चांगलेच चपळ आहेत. ही कोणती नवी कीड?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फवारणी ताबडतोब थांबवा, ही बहुधा मित्रकिडीची अळी आहे. पिठ्या ढेकूण खाणारा एक ढालकिडा ऑस्ट्रेलियातून 1898 साली भारतात आणला गेला, आणि त्याची अळी नेमकी भक्ष्यासारखीच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते. खात्री करायची तर भिंगातून काही मिनिटे पाहा : पिठ्या ढेकूण एका जागी चिकटून असतो किंवा अगदी सावकाश सरकतो, तर ही अळी पुंजक्यात डोके खुपसून अंडी खाताना दिसते. तिचा पुढे काळ्या पाठीचा, नारिंगी डोक्याचा लहान ढालकिडा होतो. साबण आणि कडुनिंबाचा फवारा या अळीलाही सोडत नाही, म्हणून काही आठवडे झाड तिच्या हवाली करा. मुंग्यांची वाट मात्र बंद ठेवा, कारण त्या मित्रकिडींना झाडावरून हुसकावतात.