झडत्या कोंबडीकडे काही मागू नकोस

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. मानेखालची उघडी लालसर कातडी, खुराड्यात पसरलेली पिसं, आणि त्या तांबड्या कोंबडीला तर शेपूटच नाही. खाली तुझे प्रश्न एकावर एक : रोग कुठला, औषध कुठलं, अंडी का बंद झाली, दुकानदार म्हणतो ते टॉनिक आणू का, आणि पुढच्या आठवड्यात मुंबईचे काका येताहेत तर आई म्हणते तशा त्या चार कापून टाकू का. या सगळ्याला माझं एकच उत्तर आहे. ते मी या पत्रात पुन्हापुन्हा लिहिणार आहे, कंटाळलीस तरी वाच. झडत्या, म्हणजे पिसं टाकणाऱ्या, कोंबडीकडे काही मागायचं नाही. अंडं नाही, पिल्लं नाही, मटणही नाही.

रोगबिग काही नाही गो. तुझ्या कोंबड्या गेल्या वर्षीच्या माघातल्या. साधारण 15 ते 18 महिन्यांची झाली की कोंबडी पहिल्यांदा सगळी पिसं टाकून नवी घेते, आणि मग दरवर्षी घेते. थंड मुलखात दिवस लहान व्हायला लागले की हे सुरू होतं. आपल्याकडे त्याआधीच मे महिन्याचा उकाडा असतो, दोन खेपा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसून झालेली झीज असते. पाण्याचं भांडं दिवसभर कोरडं राहिलं तरी तेवढ्या धक्क्याने अंडी थांबून पिसं गळायला लागतात. 21 जूननंतर दिवस आखडायला लागला की तुझ्या उरलेल्याही टाकतील. तेव्हा भर पावसात त्यांच्या माना उघड्या दिसल्या तर पुन्हा रडत फोन करू नकोस.

पिसं जातात ती क्रमाने. आधी डोकं नि मान, मग छाती, पाठ, मग पंख आणि शेपूट. तुझ्या तांबडीचं शेपूट गेलंय, पण मानेवर बारीक काटे दिसताहेत ते नीट बघ. ते नव्या पिसांचे कोंब. म्हणजे ती अर्ध्याहून पुढे आली आहे, आणि तू तिलाच सर्वांत आजारी समजून वेगळी ठेवलीस. सोड तिला बाकीच्यांत.

आजारी कोंबडी कशी असते ते एकदा डोक्यात पक्कं कर. झडणारी कोंबडी गरीब दिसते, तुरा लहान आणि फिका होतो, कोपऱ्यात उभी राहते, पण खाणं टाकलं की येते. आजारी येत नाही. डोळे मिटून बसणं, हिरवट पांढरी पातळ विष्ठा, तोंड उघडून घरघर, मान वाकडी होणं यातलं काही दिसलं तर मात्र वाट बघू नकोस, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठ. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, असू शकते आणि मानमोडी सगळं खुराडं रिकामं करते. लस सुदृढ कोंबडीला द्यायची असते, त्यामुळे ज्यांनी अजून पिसं टाकलेली नाहीत त्यांचं पावसाआधी डॉक्टरांना विचारून उरकून घे. उवांचं म्हणशील तर रात्री बॅटरी घेऊन शेपटीखाली पिसांच्या मुळाशी बघ. पांढरे चिकट गुठळे दिसले तर उवा, नाही तर नाही. चुलीतली थंड कोरडी राख आणि बारीक माती एका घमेल्यात, आंब्याखाली ठेवून दे. त्या लोळतील, त्यांचं त्या बघतील. अंगावर कसलीही पावडर फासू नकोस. उघड्या कातडीवर नाहीच नाही.

आता खाण्याचं. इथे तू चुकते आहेस आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पीस म्हणजे जवळजवळ सगळंच्या सगळं प्रथिन, कोरड्या पिसात शेकडा 85 च्या पुढे. अंगावरचा सगळा पिसारा तिला दोन-तीन महिन्यांत पुन्हा विणायचा आहे. त्याच वेळी रोज एक अंडं कुठून देणार ती? म्हणून शरीर स्वतःच अंडी बंद करतं. हा शहाणपणा तिच्यात आहे, आपण त्यात लुडबूड करायची नाही. आणि तू तिला काय घालतेस? तांदळाची कणी आणि उरलेला भात. कणीत प्रथिन शेकडा 7-8. त्यावर पिसारा उभा राहत नाही, नुसतं पोट भरतं. घरातला भात फुकट जाऊ नये हे मलाही कळतं, पण या दिवसांत तो कमी कर.

जवळा घाल, ती बारीक सुकी कोळंबी. सुकवलेल्या जवळ्यात शेकडा 60 च्या आसपास प्रथिन असतं. पिसाला लागणारं गंधक ज्या घटकांतून येतं ते धान्यात कमी आणि माशात भरपूर. वाळूत सुकवलेला असतो म्हणून पाण्यातून काढून, निथळून दे. सात-आठ कोंबड्यांना दोन मुठी पुरतो. खारवलेला बांगडा किंवा मीठ लावलेली कुठलीही सुकी मासळी देऊ नकोस, मीठ त्यांना सोसत नाही. एरवी जवळा जास्त झाला तर अंड्याला वास येतो म्हणून हात राखावा लागतो. आत्ता अंडीच नाहीत, तेव्हा खुशाल घाल. आणि हे आजच कर, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. आगोटीची, पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करताना तू माणसांपुरता जवळा घेशील आणि ऐन गरजेच्या दिवसांत कोंबड्यांना काही उरणार नाही. त्यांची पिशवी वेगळी भर. बरणीत, हवा न लागता ठेव.

जवळा नसेल त्या दिवशी कुळीथ शिजवून दे, कच्चे नकोत. शेंगदाण्याची पेंड चांगली, पण आपल्या दमट हवेत तिला बुरशी पटकन धरते आणि ती बुरशी कोंबडीच्या यकृतावर जाते. वास घेऊन बघ, शंका आली की टाकून दे. विकतचं अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य तू घालतेस त्यात चुना (कॅल्शियम) शेकडा साडेतीन-चार असतो. अंडी बंद असताना तेवढा लागत नाही. ते कमी कर, आणि कालवांच्या, तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून कुटून वेगळ्या करवंटीत ठेव. जिला हवं ती टिपेल.

वाळवीही दे. जुनं मडकं घे, त्यात ओलसर शेण, गवत आणि कुजकी लाकडं भर, वारुळाजवळ जमिनीवर पालथं घाल. रात्र उलटली की मडक्यात वाळवी चढते. सकाळी खळ्यात आपटलंस की कोंबड्या कशा तुटून पडतात ते बघत राहशील. आपल्याकडे पिल्लांसाठी पूर्वी हे घरोघरी करायचे. झडत्या कोंबडीलाही तेवढंच लागतं हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. बाळंतिणीला डिंकाचा लाडू देतो आणि पाण्याच्या घागरी उचलायला लावत नाही, इतकंच आहे हे. खायला घालायचं आणि मागायचं नाही.

उकाड्याचं थोडक्यात. कोंबडीला घाम नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, आणि आपल्या दमट हवेत धापांनीही भागत नाही. त्यात प्रथिन पचवताना अंगात उष्णता होते. म्हणून चांगलं खाणं उजाडताना आणि संध्याकाळी घाल, दुपारी नको. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दुपारी बदलून. खुराड्याच्या पत्र्यावर माडाची झापं टाक, एक थर नको, दोन टाक. तुझ्या त्या दोन वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या जातीच्या, अंगाने जड. गावठीपेक्षा त्यांना उकाडा लवकर लागतो. त्यांच्यावर नजर ठेव.

आणि हात लावू नकोस! फोटोंत तू एकीला मांडीवर घेऊन बसलीस. माया कळते मला, पण नव्या पिसाच्या कोंबात रक्त असतं. तो दाबला गेला की दुखतो, मोडला की भळभळतो, आणि रक्त दिसलं की बाकीच्या टोचून टोचून तिला जखमी करतात. तसं झालं तरच वेगळी काढ. या दिवसांत नवी कोंबडी आणून कळपात सोडू नकोस, खुराडं हलवू नकोस.

एकदाच हात लाव, तो पंख बघायला. रात्री, अंग दोन्ही हातांत आधाराने धरून, हलकेच पंख उघड. टोकाकडे दहा मोठी पिसं असतात. त्यातली एकेकच, अंतराने गळताना दिसली तर ती सावकाश झडणारी कोंबडी. दोन-तीन एकदम गेलेली दिसली तर ती भराभर झडून लवकर उभी राहणारी, आणि बहुतेक वेळा तीच चांगली अंडी देणारी. एक पीस पूर्ण वाढायला सुमारे सहा आठवडे घेतं. त्यामुळे किती पिसं एकदम गेली यावर ती अंड्यावर कधी येईल याचा अंदाज बांधता येतो. बघ, म्हणजे सगळ्यात उघडीवाघडी, सगळ्यात दरिद्री दिसते तीच तुझी सोन्यासारखी कोंबडी असायची. आणि आई बोट दाखवणार नेमकं तिच्यावर.

आईचं म्हणणं मला परकं नाही. मी या घरात नवी आले तेव्हा सासूबाईंची एक कबरी कोंबडी होती. मुंगूस आलं तर पिल्लं पंखाखाली घेऊन त्याच्या अंगावर जाणारी. मे महिन्यात चाकरमानी आले, कबरीने पिसं टाकलेली, अंडी बंद. मी विहिरीवर धुणं धूत होते. परत आले तर मागल्या दारी पिसं. सोलतानाही त्रास झाला म्हणे, कातडीत सगळे कोंब रुतलेले, एकेक चिमटीने काढावा लागला. नव्या सुनेला विचारणार कोण, आणि मी तरी काय बोलणार होते? पण त्या कबरीची पैदास संपली. पुढे बाजारातून पिल्लं आणली, ती मुंगसाला बघून पळायची. कबरीची एक जरी लेक राहिली असती, असं मला अजून वाटतं.

घर माझ्या हातात आलं तेव्हा मी एक नियम केला. झडत्या कोंबडीवर सुरी नाही, पाहुणा कुणीही असो. जेवायच्या पंगतीत सांगितलं. लोक दुखावले. एका मेमध्ये दिरांनी बोलणं टाकलं होतं, काही दिवस. मला हट्टी म्हणतात, कोंबड्यांपायी माणसं तोडते म्हणतात. मी माणसं तोडली नाहीत. पाहुण्यांना बाजारातून कोंबडी आणून वडे घातले, हात आखडला नाही. राखणीचा कोंबडा देवाला दरवर्षी जातोच, त्याला कधी नाही म्हटलं नाही. पण वर्षभर जिने दिलं तिच्या रिकाम्या दिवसांत तिच्या मानेवर हात टाकायचा नाही, एवढं मी धरून राहिले. हिशेबातही माझं चुकलेलं नाही. झडून उठलेली कोंबडी पहिल्या वर्षापेक्षा मोठं अंडं देते, कवचही पुन्हा जाड होतं. तिला कापून नवं पिल्लू आणलंस तर पहिलं अंडं पाच-सहा महिन्यांनी, आणि तोवर त्याला खायला घाल, घारीपासून राख, लसी टोच. हे आईला सांग. भावनेचं ऐकणार नाही, हे ऐकेल.

दुकानदाराचं टॉनिक आणू नकोस. खुराड्यात दिवा लावून दिवस लांबवायचं कुणी सुचवेल, तेही नको, पंखाची शेवटची पिसं पूर्ण होईपर्यंत तरी नको. अंड्यावर ओढायचं म्हणजे पुन्हा मागणंच झालं. तुला किती वेळा लिहू? खुडूक बसू बघेल तिला या दिवसांत अंडी देऊ नकोस, उठव. कोंबडाही पिसं टाकतो आहे, त्याच्याकडूनही या महिन्यांत पिल्लांची आशा धरू नकोस.

काकांसाठी वडे-कोंबडी करायचीच असेल तर गावात विचार, कुणाकडे तरी जास्तीचे तरणे कोंबडे असतातच. पैसे मी देते, त्यावरून घरात वाद घालू नकोस.

हर्णैच्या बाजारात जवळा अजून बरा मिळतो आहे. शनिवारी जाईन तेव्हा तुझ्यासाठी वेगळा घेऊन एसटीने पाठवते. तोवर त्या चौघींचे पंख रात्री बघून ठेव, आणि कुणाची किती पिसं एकदम गेली आहेत ते लिहून कळव.

तुझी,
काकू