‘अनन्य’ की ‘सर्वाधिकार’?

अमेरिकेच्या राज्यघटनेने राजधानीच्या प्रदेशावर काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, ‘अनन्य’ कायदे करण्याचा अधिकार दिला, या वाक्यावर एका वाचकाने विचारलंय: अनन्य म्हटलं की भक्ती आठवते, मग इथे सरळ ‘सर्वाधिकार’ का नको?

नकोच. अनन्य म्हणजे ज्यात ‘अन्य’ नाही. अनन्यशरण भक्ताला दुसरा देव नसतो, तसा या अधिकाराला दुसरा वाटेकरी नाही. आपल्या कायद्याच्या मराठीतही ‘अनन्य अधिकारिता’ रुळलेलं आहे. हा शब्द अधिकार कोणाचा ते सांगतो, किती ते सांगत नाही. ‘किती’साठी घटनेच्या त्याच कलमात ‘कोणत्याही सर्व बाबतींत’ अशी वेगळी जोड आहे.

गुलामगिरीवरचा वाद या फटीतच रंगला. राज्यांतल्या गुलामगिरीला काँग्रेस हात लावू शकत नाही, हे बहुतेकांना मान्य होतं. पण राजधानी वॉशिंग्टनच्या बाबतीत आड येणारं राज्यच नव्हतं! म्हणून गुलामगिरीच्या विरोधकांनी ‘राजधानीतली गुलामगिरी बंद करा’ अशा अर्जांचा मारा केला. 1836 पासून 1844 पर्यंत काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने असे अर्ज चर्चेविनाच बाजूला टाकले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स त्याविरुद्ध भांडत राहिले. गुलाममालकांचं म्हणणं असं, की अधिकार काँग्रेसचाच, पण तो मालमत्ता काढून घेण्याइतका नाही. म्हणजे अनन्य कबूल, निरंकुश नामंजूर. ‘सर्वाधिकार’ लिहिलंत तर हा वाद आधीच एका बाजूने निकालात निघतो.

तारखांतही घोळ होतो. 1850 मध्ये राजधानीत विक्रीसाठी गुलाम आणायला बंदी झाली, गुलामगिरी मात्र राहिली. ती संपली 16 एप्रिल 1862 ला, लिंकनच्या सहीने. सुमारे 3,100 माणसं मुक्त झाली आणि भरपाई मिळाली मालकांना, सरासरी माणशी 300 डॉलरच्या मर्यादेत. माणसांची किंमत ठरवायला बाल्टिमोरचा एक गुलामांचा व्यापारीच बोलावला होता. मालकाने भरपाईचा अर्ज केला नाही तर गुलामाला मुक्तीसाठी स्वतः अर्ज करता येईल, ही सोय जुलैच्या पुरवणी कायद्याने झाली.

जाता जाता, त्याच कलमातला प्रदेश ‘दहा चौरस मैल’ नव्हे, ‘दहा मैल चौरस’, म्हणजे शंभर चौरस मैलांपर्यंत. अनुवादात हे हमखास उलटं पडतं. तुमच्या वाक्यात ‘अनन्य’ राहू द्या, फक्त ‘कोणत्याही सर्व बाबतींत’ गाळू नका.